काच कुणाची आणि कसोटी कशाची?

मोटारीच्या सुट्या भागांमध्ये पुढच्या काचेइतका दुर्लक्षित भाग क्वचितच दुसरा असेल. ती अभंग असते तोवर सारे तिच्यातून पाहतात. तिच्याकडे कुणी पाहत नाही. द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडतो, काचेचा बारीकसा टवका निघतो, उन्हात तापलेल्या काचेवर वातानुकूलन यंत्राचा गार झोत येताच त्या टवक्याचा हातभर तडा होतो आणि मग मालकाला काचेचे अस्तित्व जाणवते. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवला जातो : ‘कंपनीची काच बसवायची की बाजारातली?’ दोन्हींच्या किमतींत मोठी तफावत असते आणि उत्तर मात्र उभ्या उभ्या द्यायचे असते. भीती बळावली तर ग्राहक महाग काच निवडतो, काटकसर बळावली तर स्वस्त. विचार मात्र दोन्ही वेळा राहूनच जातो.

वस्तुतः हा प्रश्नच अपुरा आहे. भारतातील मोटार कंपन्या स्वतः काच तयार करीत नाहीत. असाही इंडिया ग्लास किंवा सेंट-गोबेन सेक्युरिटसारखे काच उत्पादक ती त्यांना पुरवितात आणि हेच उत्पादक बदलीच्या बाजारातही आपल्या नावाने काच विकतात. कंपनीच्या काचेवर मोटार कंपनीचे बोधचिन्ह आणि काच उत्पादकाचे नाव अशी दोन्ही असतात. बाजारातील काचेवर बोधचिन्ह नसते. म्हणजे ‘बाजारातली’ या एकाच शब्दात नामांकित उत्पादकाची प्रमाणित काच आणि कोणतेही चिन्ह नसलेली बेनामी काच या दोन अगदी भिन्न वस्तू एकत्र कोंबल्या जातात. पहिलीला दुसरीच्या पंक्तीला बसविणे हा ग्राहकावर अन्याय आहे. दुसरीला पहिलीच्या नावावर खपविणे हा त्याच्या जिवाशी खेळ आहे.

पुढची काच म्हणजे केवळ वारा अडविणारा पडदा नव्हे. काचेच्या दोन थरांमध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून ती तयार होते. अशा जोडकाचेचे पेटंट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेडिक्टस यांनी १९०९ मध्ये घेतले होते. आघात झाला तर काच तडकते. पण तिचे तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात आणि प्रवासी बाहेर फेकला जाण्यास अटकाव होतो. काही मोटारींत डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना याच काचेचा आधार घेते. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींना पुढच्या दोन्ही एअरबॅग बंधनकारक झाल्या, त्यामुळे या आधाराचे महत्त्व अधिकच वाढले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० पुढच्या काचेसाठी जोडकाचेचा आग्रह धरतो आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जावा असे सांगतो, तो याच कारणाने.

मग निवड कशाच्या आधारे करावी? पहिली कसोटी काचेच्या कोपऱ्यात छापलेली असते. सुरक्षा काचेसाठीच्या आयएस २५५३ या भारतीय मानकाचा क्रमांक, आयएसआय चिन्ह, परवाना क्रमांक आणि उत्पादकाचे नाव या गोष्टी तेथे वाचता येतात. परवाना खरा की खोटा हे भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर पडताळता येते. हे वाचायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण ती काच बसविण्यापूर्वी द्यायची असतात, नंतर नव्हे. जिच्यावर हे काहीच नाही ती काच कितीही स्वस्त मिळो, ती नाकारणेच शहाणपणाचे.

दुसरी कसोटी मोटारीची आहे. ज्या साध्या मोटारीच्या काचेत आरशाच्या टेकूखेरीज काही नाही, तिच्यासाठी नामांकित उत्पादकाची, योग्य मापाची, आयएसआय चिन्हांकित काच पुरेशी आहे. तेथे केवळ बोधचिन्हासाठी जादा रक्कम मोजणे आवश्यक नाही. परंतु पावसाची चाहूल घेणारा सेन्सर, काचेवर वेग दाखविणारी प्रणाली किंवा आरशामागे बसविलेला चालक-साहाय्य कॅमेरा असलेल्या मोटारींची गोष्ट निराळी आहे. या कॅमेऱ्याच्या भरवशावर मोटार आपोआप ब्रेक लावते, रस्त्यावरील पट्टे ओळखते. काचेची वक्रता किंवा कॅमेऱ्याच्या बैठकीची जागा किंचित बदलली, तरी त्याचा अंदाज चुकू शकतो. अशा मोटारीला कंपनीची अथवा त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने प्रमाणित केलेली काचच बसवावी आणि त्यानंतर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे फेरजुळणी, करून घेऊन त्याची नोंद बिलावर मागावी. येथे वाचविलेले पैसे ही बचत नसून जोखीम आहे.

तिसरी कसोटी कारागिरीची. बहुतेक आधुनिक मोटारींत काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने बसवितात. जुना थर नीट कापला नाही, पत्र्यावरचा गंज तसाच ठेवला किंवा द्रव्य वाळण्यापूर्वी मोटार रस्त्यावर आणली, तर अस्सल काचही निरुपयोगी ठरते. पहिल्या पावसात पाणी झिरपणे हा त्याचा सौम्य परिणाम. अपघातात काच चौकटीतून सुटणे हा भयंकर. म्हणून मोटार किती तासांनी चालवावी, हे विचारण्यात संकोच नसावा.

‘बाहेर काम केलेत तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य ग्राहकाला अनेकदा ऐकविले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या खुल्या विक्रीवरील निर्बंधांबद्दल १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. तथापि, केवळ स्वतंत्र कारागिराकडून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, ही त्या आदेशातील भूमिका ग्राहकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. अर्थात, सदोष जोडणीमुळे झालेल्या बिघाडाची भरपाई वॉरंटीतून मागता येणार नाही, हेही तितकेच खरे.

आता हिशेबाची बाजू. मोटार विम्यात रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचेवर मात्र घसारा नाही. त्यामुळे काच फुटली की दावा करावा, अशी सहज प्रवृत्ती होते. पण समजा, ग्राहकाचा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे, त्याला ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो आणि काचेचे बिल ७,००० रुपये झाले. १,००० रुपयांची अनिवार्य वजावट जाता त्याच्या हाती ६,००० रुपये येतील. दाव्यामुळे बोनस शून्यावर येतो आणि पुढील वर्षांत २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्यांनी ५० टक्क्यांवर परततो. मूळ हप्ता स्थिर धरला तर पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ६,०००, ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० असे एकूण १५,००० रुपये हातचे जातात. वाहनाचे मूल्य घटत गेल्याने प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी होईल. पण दिशा बदलणार नाही. बोनस-संरक्षणाची पुरवणी घेतलेली नसेल, तर लहान बिल खिशातून भरणेच अनेकदा किफायतशीर ठरते. उलट, कॅमेऱ्याच्या मोटारीची महागडी काच हा दाव्याचा योग्य विषय होऊ शकतो. आणि टवका नाण्याहून लहान असून चालकाच्या दृष्टिपथात नसेल, तर विशिष्ट राळ भरून तो दुरुस्त करता येतो. तेव्हा काच बदलायची गरज आहे का, हा प्रश्न कोणती काच घ्यावी याच्याही आधीचा आहे.

एक छोटी बाब बँकेशी थेट संबंधित आहे. जुन्या काचेबरोबर तिच्यावरचा फास्टॅगही जातो. तो सोलून नव्या काचेवर चिकटविता येत नाही. टॅग देणाऱ्या बँकेला कळवून बदली टॅग घ्यावा लागतो. ज्या दिवशी काच बदलायची, त्याच दिवशी ही मागणी नोंदविली तर टोल नाक्यावरचा खोळंबा टळतो.

तात्पर्य, कंपनीचे नाव हा अंधविश्वासाचा विषय नाही आणि कमी किंमत हा पराक्रमाचा नाही. काचेवरील चिन्ह, मोटारीची गरज, कारागिराचे कौशल्य आणि विम्याचा हिशेब या चार गोष्टी तपासल्यावर जी काच योग्य ठरेल ती घ्यावी, तिचे नाव बिलावर लिहून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येक कलम वाचण्याचा आग्रह बँका ग्राहकांना धरतात. कुटुंबाच्या डोळ्यांसमोर जी काच रोज असणार, तिच्या कोपऱ्यातील चार अक्षरे वाचण्याचा आग्रह ग्राहकाने स्वतःलाच धरायला हवा.