गोळी जीवनसत्त्वाची, काम औषधाचं

किरणोपचार चालू असताना जीवनसत्त्वांच्या गोळ्या बिनधास्त घ्या, जितक्या जास्त तितकं बरं, असा सल्ला देत एक व्याख्याते सध्या गावोगाव फिरत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जीवनसत्त्वं अन्नातच असतात, तेव्हा ती अपाय करूच शकत नाहीत, त्यांच्यापासून बनवलेल्या द्रव्यांनी कर्करोगाच्या पेशी किरणांना लवकर बळी पडतात, हे परदेशात सिद्ध झालंय, आणि डॉक्टर हे सांगत नाहीत कारण त्यात पैसा नाही. यातलं मधलं विधान अर्धं खरं आहे. त्या अर्ध्या सत्याच्या आडून बाकीचं सगळं खपवलं जातं. ऐकणाऱ्यांत दुसऱ्या दिवशी किरणांचा शेक घ्यायला जाणारा माणूस बसलेला असतो, म्हणून संताप येतो.

किरणांनी पेशी मरते कशी, हे या गृहस्थांनी एकदा तरी समजून घ्यायला हवं होतं. पेशीत बहुतांश पाणी असतं. क्ष-किरणांनी ते फुटतं, त्यातून फ्री रॅडिकल्स निघतात आणि डीएनएवर तुटून पडतात. जवळ ऑक्सिजन असेल तर झालेली मोडतोड कायमची होते. नसेल तर पेशी बरीचशी सावरते. ऑक्सिजन न मिळालेल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते. आणि ई जीवनसत्त्वाची ख्याती कशासाठी? फ्री रॅडिकल्स निकामी करण्यासाठीच! म्हणजे मशीनने घाव घालायचा आणि गोळीने तो अडवायचा. निरोगी पेशी तेवढ्या वाचतील आणि गाठ मरेल, अशी निवड ती गोळी कशी करणार? क्वेबेकमध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या 540 रुग्णांवर हे तपासलं गेलं. निम्म्यांना ई जीवनसत्त्व रोज 400 युनिट दिलं. सुरुवातीला बीटा-कॅरोटीनही होतं. शेकाचा तात्कालिक त्रास थोडा कमी झाला. पण गोळी चालू असेपर्यंत नवा कर्करोग होण्याचं प्रमाण वाढलं, आणि पुढच्या वर्षांत गोळी घेतलेल्यांत मृत्यूही जास्त झाले. उपचार चालू असताना सिगारेट न सोडलेल्यांत तर रोग उलटण्याचं प्रमाणही वाढलं. तोंड सोललंय, घास गिळवत नाही, अशा माणसाला ‘त्रास कमी होईल’ एवढंच सांगून बाटली हातात देणं क्रूर आहे.

‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ हा वाद जुनाच. फिनलंडमध्ये 29,000 हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 1994 मध्ये आले: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. तेव्हाही हेच ऐकलं होतं, गाजरात असतं ते वाईट कसं? गाजर खा की! गाजराबद्दल कोणाची तक्रार नाही.

जीवनसत्त्व कसं दिलं यानेही फरक पडतो: क जीवनसत्त्वाचा शिरेतून दिलेला प्रचंड डोस आणि तोंडाने घेतलेली गोळी यांची रक्तातली पातळी एक नसते, हे या व्याख्यात्यांच्या गावीही नाही. पैशाचा आरोप तर टिकतच नाही. निकोटिनामाइड या स्वस्त जीवनसत्त्वावरच्या मोठ्या चाचण्या डॉक्टरांनीच केल्या.

आणि खरं काम तिथेच आहे. निकोटिनामाइड हे ब3 जीवनसत्त्वाचंच रूप. गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या अधूनमधून बंद पडतात. मोठ्या मात्रेत ते त्यांना वाहतं ठेवायला मदत करतं. जोडीला कार्बोजेन, म्हणजे 98 टक्के ऑक्सिजन आणि 2 टक्के कार्बन डायऑक्साइड, शेकाच्या वेळी श्वासावाटे देतात. ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या 333 रुग्णांत या जोडीने तीन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 46 वरून 59 टक्क्यांवर गेलं. स्वरयंत्राच्या कर्करोगावरच्या डच चाचणीत मूळ गाठीच्या जागी फरक पडला नाही. मानेच्या गाठींत मात्र रोग आवरला, आणि सर्वांत ठळक फायदा ऑक्सिजन कमी असलेल्या गाठींत दिसला. निकोटिनामाइडची मात्रा वजनाच्या किलोमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत, शेकाच्या दीड-दोन तास आधी, आणि तिने मळमळ-उलटी होते. याला टॉनिक म्हणत नाहीत.

तंबाखूने पोखरलेल्या आपल्या महाराष्ट्रात डोक्या-मानेच्या गाठी कमी नाहीत. कोणत्या गाठीत ऑक्सिजन कमी आहे हे आधी ओळखून अशा चाचण्या इथेही व्हाव्यात, असं मला मनापासून वाटतं. तोवर त्या व्याख्यात्यांनी पुढच्या भाषणात निदान एवढं सांगावं: मात्रा किती, शेकाच्या किती आधी, आणि गाठ कोणती?