‘समजलं ना?’ आणि पाण्याखालचा ओके



आपल्या शाळांमध्ये दिवसभरात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता असेल? माझ्या मते, "समजलं ना?" हाच. त्याचे उत्तरही ठरलेले असते, "होऽऽऽ!" पन्नास मुलांचा वर्ग एका सुरात हो म्हणतो आणि आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. त्या होकारात किती दम होता, हे चाचणीच्या पेपरात कळते. घरीही वेगळे नसते. "जमतंय ना?" "हो." "दुखत नाही ना?" "नाही." विचारणाऱ्याला कोणते उत्तर हवे आहे, हे मुलांना आपल्या चेहऱ्यावरून बरोबर कळते आणि ती तेच उत्तर देतात.

असा खोटा होकार वर्गात फार महाग पडत नाही, फार तर दोन गुण जातात, असे आपण धरून चालतो. पण एक जागा अशी आहे की तिथे खोट्या होकाराने कानाचा पडदा फाटू शकतो. ती जागा मी मागच्या डिसेंबरात, काहीही ठरवलेले नसताना, जवळून पाहिली. तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. मुलांना धाडस शिकवण्याच्या आधी ‘काहीतरी बिघडलंय’ असे सांगायला शिकवले पाहिजे. आणि ते सांगितल्यावर थांबायला आपण मोठ्यांनी शिकले पाहिजे.

सहल साधीच होती. कोल्हापूरहून पहाटे निघायचे, मालवणला सिंधुदुर्ग किल्ला बघायचा, मासे-भात खायचा आणि रात्री परत यायचे. बरोबर सासूबाई, यजमान, दीर, आठवीतली माझी मुलगी आणि सहावीतला पुतण्या. कुरटे बेटावरचा हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1664 ते 1667 या काळात बांधून घेतला. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. मुलांना तेवढ्यावरच दिवस पुरला असता. पण होडीतून जेट्टीवर परत उतरलो तर "स्कूबा, स्कूबा! पोहता नाही आलं तरी चालतं!" अशा हाका सुरू होत्या. दिरांनी भाव विचारला, मुलीने "आई, प्लीज" म्हटले आणि अर्ध्या तासात आम्ही किल्ल्याजवळच नांगर टाकलेल्या बोटीवर होतो.

बोटीत बसण्याआधी एक फॉर्म भरायचा होता. फॉर्म इंग्रजीत होता आणि आजूबाजूची माणसे न वाचताच सह्या करत होती. मी तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवला. दमा आहे का? फिट येते का? हृदयाचा त्रास? कानाचे ऑपरेशन? सध्या सर्दी आहे का? शेवटच्या प्रश्नाला पुतण्या हळूच म्हणाला, "काकू, मला सर्दी आहे." त्याचे वडील म्हणाले, "अरे, एवढ्याशा सर्दीने काय होतंय? नाही म्हणून टाक!" पोराचा चेहरा पडला. तेवढ्यात पलीकडे टाक्या तपासत असलेल्या प्रशिक्षकाने ऐकले. तो मालवणचाच, पंचविशीतला मुलगा. म्हणाला, "सर्दी आसा तर आज नको. कान मोकळो होवचो नाय." विषय तिथेच संपला. पुतण्या आजीजवळ बोटीवर बसला.

इथे थोडे विज्ञान सांगायलाच हवे. आठवीच्या सामान्य विज्ञानात ‘बल व दाब’ हा पाठ आहे. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर 1 वातावरण, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. दाब दुप्पट झाला की हवेचे आकारमान निम्मे होते, हा रॉबर्ट बॉइलचा 1662 सालचा नियम. आपल्या कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. बाहेरून पाण्याचा दाब वाढला की ती हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. घशापासून कानापर्यंत जाणाऱ्या युस्टेशियन नळीतून जास्तीची हवा आत गेली तरच दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. म्हणून पाणबुडे नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारतात. सर्दीत ही नळी सुजून बंद होते, आणि मग फुंकर मारूनही हवा आत जात नाही.

गंमत अशी की आकारमानातला सर्वांत मोठा बदल पहिल्या 10 मीटरमध्येच होतो. शून्यापासून 10 मीटरपर्यंत जाताना हवा निम्मी होते. पुढचे 10 मीटर उतरल्यावर ती मूळच्या एक तृतीयांश होते. त्यामुळे "आम्ही काही खोल जाणार नाही, वीस-पंचवीस फूटच" हे वाक्य कानाच्या बाबतीत अजिबात दिलासा देणारे नाही. कानाची परीक्षा उथळ पाण्यातच असते.

बोटीवर पंधरा मिनिटांचा पाठ झाला. पाठीवरच्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन नसतो, आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते, हे तिथे बऱ्याच जणांना नव्यानेच कळले. आपणही सवयीने ‘ऑक्सिजन सिलेंडर’ म्हणत राहतो. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी असते. मग त्याने खुणा शिकवल्या. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की ‘ठीक आहे’. अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, तर ‘मला वर जायचंय’. आणि पंजा आडवा पसरून डावी-उजवीकडे हलवला की ‘काहीतरी बिघडलंय’. पण ही तिसरी खूण एकटी करायची नाही. पंजा हलवायचा आणि लगेच बोटाने दाखवायचे, कुठे बिघडलंय ते. कान, मास्क की तोंडातली नळी.

त्याने प्रत्येकाकडून खुणा तीन-तीनदा करून घेतल्या. एकाने सवयीने अंगठा दाखवला तर म्हणाला, "चला, तुमका वर पाठवतंय!" सगळे हसले आणि खूण कायमची लक्षात राहिली.

पहिली पाळी मुलीची. मी मास्क लावून बोटीच्या दोराला धरून पाण्यात होते, त्यामुळे खालचे दिसत होते. दोघे दोराच्या आधाराने उतरू लागले. हातभर उतरले की तो थांबायचा आणि बोटांचा गोल करून विचारायचा. ती गोल करून उत्तर द्यायची. पुन्हा हातभर. साधारण दोन-अडीच मीटरवर त्याने विचारले आणि तिने गोल केला नाही. पंजा हलवला आणि उजव्या कानाकडे बोट दाखवले. तो तिला घेऊन अर्धा मीटर वर आला. तिने नाक धरून फुंकर मारली. थोडे थांबून पुन्हा उतरले. पुन्हा पंजा, पुन्हा कान. पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तिने अंगठा वर केला आणि दोघे सरळ बोटीजवळ आले. सगळे मिळून सहा-सात मिनिटे झाली असतील.

बोटीवर कोणीतरी म्हणालेच, "अरेरे, पैसे फुकट गेले!" यजमानांनी तिला टॉवेल दिला आणि विचारले, "दुखतंय का अजून?" ती म्हणाली, "नाही, वर आल्यावर लगेच थांबलं." बस. मग ती मास्क लावून पृष्ठभागावरच तरंगत राहिली आणि खडकांवरचे पट्ट्यापट्ट्यांचे मासे पाहत बसली. माझी डुबकी व्यवस्थित झाली. प्रवाळ पाहिले, समुद्री काकडी पाहिली, खाली गेल्यावर लाल रंग कसा फिका पडतो तेही पाहिले. पण परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात मासे नव्हते, तो हलणारा पंजा होता.

कारण हीच मुलगी गणिताच्या तासाला समजले नाही तरी कधी हात वर करत नाही. हे तिच्या शिक्षकांनी पालकसभेत सांगितले आहे आणि तिने स्वतःही कबूल केले आहे. फोंडा घाटात मी तिला विचारले, "पाण्यात कसं गं लगेच सांगितलंस?" ती म्हणाली, "तो थांबला होता ना. वर्गात विचारतात आणि लगेच पुढे जातात."

या उत्तराचा राग येण्याचे कारण नाही. त्यात शिक्षकाची निंदा नाही, पद्धतीतला फरक आहे. तो प्रशिक्षक वर्गाला एकत्र विचारत नव्हता, एकेकाला विचारत होता. विचारल्यावर थांबत होता. ‘नाही’ म्हणायची खूण त्याने आधीच शिकवून ठेवली होती, आणि ती खूण केल्यावर ना ओरडा होता, ना हसणे. "काय झालं?" च्या जोडीला "कुठे?" हा प्रश्न होता. मूल ‘समजलं नाही’ म्हणते तेव्हा आपण सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून सांगतो, किंवा "लक्ष कुठे होतं?" असे विचारतो. खरे तर ते एखाद्या पायरीवर अडलेले असते. पायरी कळली तर अर्धा मीटर वर येऊन पुन्हा उतरता येते.

यावर काही जण म्हणतील, "अशाने मुले प्रत्येक गोष्टीत माघार घेतील. थोडा धक्का द्यावाच लागतो." मला हे पटत नाही. माझ्या मुलीने कान दुखल्यावरही आणखी दोनदा प्रयत्न केला, कारण परतीची वाट आपल्या हातात आहे हे तिला माहीत होते. माघारीची वाट बंद केलेले मूल एकतर पाण्यातच उतरत नाही, नाहीतर उतरते आणि दुखत असतानाही गोल दाखवत राहते. दुसरे मूल बाहेरून धाडसी दिसते, म्हणून त्याचीच मला जास्त काळजी वाटते. मोठे झाल्यावर कोणाच्या वाईट स्पर्शाबद्दल, रॅगिंगबद्दल किंवा न झेपणाऱ्या अभ्यासक्रमाबद्दलही ते गोलच दाखवेल.

दुसरी अडचण खरी आहे. पन्नास-साठ मुले, अपुरा वेळ आणि संपवायचा अभ्यासक्रम. एकेकाला विचारणार कसे? मी माझ्या सातवीच्या वर्गात जूनपासून तीन खुणा सुरू केल्या आहेत. हात छातीशी ठेवायचा, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. गोल म्हणजे ‘मी दुसऱ्याला समजावून सांगू शकतो’. हलता पंजा म्हणजे ‘कुठेतरी अडलंय’, आणि दुसऱ्या हाताचे बोट वहीतल्या त्या ओळीवर. अंगठा वर म्हणजे ‘मला पहिल्यापासून हवंय’. वर्गावर एक नजर फिरवायला दहा सेकंदही लागत नाहीत. पहिल्या आठवड्यात सगळीकडे गोलच गोल होते. दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने पंजा हलवला, मी तिच्या बाकाजवळ जाऊन तेवढी एक ओळ सांगितली आणि पुढे गेले. त्यानंतर पंजे वाढले. अपूर्णांकाच्या भागाकारात तर निम्मा वर्ग एकाच ओळीवर बोट ठेवून होता. तास थोडा लांबला, पण उजळणीचे दोन तास वाचले.

पालकांसाठीही चार गोष्टी. ऐनवेळी स्कूबा ठरली तर घाबरून नाही म्हणायची गरज नाही, पण फॉर्म वाचल्याशिवाय सही करू नका आणि त्यात खोटे लिहू नका. सर्दी, दमा, कानाचा आजार असेल तर पुढच्या वेळी. पाडी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पहिल्या अनुभव-डुबकीसाठी किमान वय 10 वर्षे आहे, हे आकड्यासह लक्षात ठेवा. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी आग्रह धरू नका. डुबकीनंतर त्याच दिवशीचे विमान असेल तर बेत बदला, एका डुबकीनंतर निदान 12 तास थांबतात. आणि मालवणचा हा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळावर उभे राहायचे नाही, तुकडा तोडायचा नाही, माशांना बिस्किटे-पाव घालायचे नाहीत, हेही मुलांना पाण्यात उतरण्याआधीच सांगा.

पुतण्याचे सांगायचे राहिले. त्या दिवशी तो बोटीवर आजीबरोबर बसून कोण किती वेळ खाली राहिले हे घड्याळ लावून वहीत लिहीत होता. घरी आल्यावर त्याच्या वडिलांनी सगळ्यांना सांगितले, "याने सर्दी आहे हे खरं सांगितलं म्हणून वाचलो, नाहीतर डॉक्टर गाठावा लागला असता." सर्वांसमोर वडिलांनी असे म्हणणे त्या पोराला कोणत्याही डुबकीपेक्षा मोलाचे वाटले असणार.

या आठवड्यात एकदा ‘समजलं ना?’ असे विचारल्यावर मनात पाच आकडे मोजून बघा. आणि पहिला पंजा हलेल त्या मुलाला आधी शाबासकी द्या, उत्तर नंतर.