युद्ध संपते, पिस्तूल उरते

दिल्लीच्या बिर्ला भवनात ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींवर तीन गोळ्या झाडण्यात आल्या. त्या ज्या पिस्तुलातून सुटल्या ते इटालियन बनावटीचे बेरेटा होते. त्याचा अनुक्रमांक ६०६८२४. बेरेटाचे हे १९३४ चे मॉडेल मुसोलिनीच्या लष्करात वापरात होते. नथुराम गोडसेने ते हत्येच्या दोन दिवस आधी ग्वाल्हेरमध्ये मिळवले, असे सरकार पक्षाने न्यायालयात मांडले. त्याआधीचा प्रवास मात्र धूसर आहे. पूर्व आफ्रिकेतील पराभूत इटालियन अधिकाऱ्याकडून ते लुटीच्या रूपाने भारतात आले, असे सांगितले जाते. एवढ्या गाजलेल्या खटल्यातील शस्त्राचीही संपूर्ण वंशावळ कागदावर नसावी, यातच या प्रश्नाचे मर्म आहे.

लष्करी शस्त्रांची चर्चा निघाली की नजर जाते ती क्षेपणास्त्रांकडे आणि रणगाड्यांकडे. पिस्तूल रणांगणावर फारसे निर्णायक नसते. पण ते खिशात मावते, सहज विकले जाते आणि निगा राखल्यास अनेक दशके चालते. म्हणूनच युद्ध संपल्यावर त्याचे खरे आयुष्य सुरू होते.

इराकने याचा धडा दिला. जून २००४ ते सप्टेंबर २००५ या काळात अमेरिकेने इराकी सुरक्षा दलांना सुमारे १ लाख ७० हजार पिस्तुले दिल्याचे सांगितले गेले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने जुलै २००७ मध्ये दप्तर तपासले, तेव्हा त्यांपैकी सुमारे ८० हजारांचा हिशेब लागेना. ही सारी पिस्तुले चोरीला गेली, असा त्याचा अर्थ नव्हे. ती कोणाच्या हाती पडली हे सांगणारा कागदच नव्हता. त्याच वर्षी, इराकी पोलिसांसाठी दिलेली ग्लॉक पिस्तुले आपल्या हद्दीत गुन्हेगारांकडे सापडत असल्याची तक्रार तुर्कस्तानने केली. घाईने दल उभारायचे आणि नोंदी मागाहून करायच्या, या धोरणाची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागली.

पुढे अमेरिकेने अनुक्रमांक नोंदवणे कायद्याने बंधनकारक केले. तरीही अफगाणिस्तानात २०१४ मध्ये झालेल्या तपासणीत ४ लाख ७४ हजारांहून अधिक शस्त्रांच्या नोंदींपैकी सुमारे ४३ टक्के नोंदी अपुऱ्या आढळल्या. २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले आणि अफगाण दलांना दिलेली ७ अब्ज डॉलरहून अधिक किमतीची सामग्री मागे राहिली. जी शस्त्रे आपल्या मित्राकडे असतानाच नीट मोजली गेली नव्हती, ती शत्रूकडे गेल्यावर कोण मोजणार?

युक्रेनला दिलेल्या क्षेपणास्त्रांवर आणि रात्रदर्शक उपकरणांवर अमेरिकेची विशेष देखरेख आहे. तिच्यातही त्रुटी असल्याचे संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिले. पिस्तुलासारखी साधी शस्त्रे तर या विशेष देखरेखीच्या कक्षेतच येत नाहीत. महाग ते धोकादायक, हे त्यामागील गृहीतक आहे. रस्त्यावर, घरात आणि निवडणुकीच्या सभेत माणसे मरतात ती बहुधा स्वस्त शस्त्रांनी.

संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये छोट्या शस्त्रांचा माग काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था स्वीकारली. उत्पादनाच्या नोंदी किमान ३० वर्षे आणि अन्य नोंदी किमान २० वर्षे जपाव्यात, असे ती सांगते. परंतु ती कायद्याने बंधनकारक नाही. शिवाय पिस्तुलाचे आयुष्य या मुदतीहून कितीतरी मोठे असते. शस्त्र टिकते आणि कागद जातो, ही विसंगती दूर करायची तर शस्त्र देतानाच त्याचा अनुक्रमांक आणि घेणाऱ्याचे नाव नोंदवले पाहिजे, आणि शस्त्र अस्तित्वात असेतोवर ती नोंद टिकली पाहिजे.

हे काम कारकुनी आहे आणि त्यात शौर्य नाही. तथापि, युद्धविरामाच्या करारावर स्वाक्षऱ्या करणाऱ्यांनी या नोंदवहीकडे दुर्लक्ष केले, तर एका युद्धाचे पिस्तूल पुढच्या पिढीत, दुसऱ्याच देशात आणि कोणत्याही युद्धाशी संबंध नसलेल्या माणसावर रोखले जाईल. बिर्ला भवनात तेच घडले होते.