बॉनेट तापलं, दोष कुणाचा?

मे महिन्यात नेवाशाकडून इमामपूर घाट चढून सावेडीत आलो. एक लिटरच्या टर्बो गाडीच्या बॉनेटला हात लागवेना. गॅरेजातले उस्ताद म्हणाले, "सर, थर्मोस्टॅट काढून टाकू, कूलंटऐवजी साधं पाणी भरू."

मी नको म्हणालो. तापमानाचा काटा तर मध्यावरच होता! टर्बो फिरतो जळून बाहेर पडणाऱ्या वायूंवर. पेट्रोल गाडीत ते ९०० अंशांपर्यंत तापू शकतात. इवल्याशा जागेतली ती धग बॉनेटला लागणारच. घाटानंतर मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग बंद करावं, म्हणजे टर्बोतलं तेल करपत नाही. काटा चढला, तर कूलंट, पंखा, रेडिएटर तपासावा. थर्मोस्टॅट काढला, तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतो.

पण उस्तादांना नावं ठेवून मी सुटत नाही. माझ्या गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे. गाडी विकताना गोड मराठी, सांभाळायची वेळ आली की इंग्रजी! आणि आम्ही शिक्षक? आमच्याच वर्गातली मुलं आज गॅरेजात पाना धरतात. त्यांना उर्दू शिकवली, मराठी शिकवली. त्या भाषांत त्यांच्या रोजीचं एक पुस्तक मात्र दिलं नाही.