शेळीला वाटीभर तेल नको, २५ ग्रॅमचा हिशेब हवा

शेळीला गरिबाची गाय म्हणायची आपल्याकडे रीत आहे. पण खुराकाच्या वेळी तिला खरोखरच छोटी गाय समजले जाते आणि घोटाळा तिथेच होतो. पशुखाद्याच्या दुकानातल्या बायपास फॅटच्या पोत्यावर मात्रा असते ती बहुधा गायी-म्हशींची. शेळीवाला सुटी पुडी नेतो आणि मूठभर घमेल्यात टाकतो. दुसरीकडे जुनी पद्धत अशी, की शेळी व्याली की वाटीभर गोडेतेल पाजायचे. दोन्हींत माया आहे, हिशेब नाही.

स्निग्ध पदार्थाची गरज मात्र खरी आहे. शेळी पाच महिने गाभण असते, पण करडांची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. आपल्या उस्मानाबादी, संगमनेरी शेळ्या जुळी देणाऱ्या. पोटात करडे मोठी झाली की चाऱ्याला जागा उरत नाही. व्याल्यावर दूध भराभर वाढते, भूक मात्र काही आठवडे मागेच राहते. ही तूट शेळी अंगावरची चरबी झिजवून भरते. ती झीज फार झाली की चारा सोडते, बाजूला उभी राहते आणि शेवटी बसते ती उठतच नाही. लोक म्हणतात, नजर लागली. कसली नजर? पोटाला कमी पडलेले असते.

मग धान्यच वाढवले तर? मक्याचा भरडा एकदम वाढवला की पोटात आम्ल होते, शेळी हगवणीला लागते. स्निग्ध पदार्थात धान्यातल्या पिठूळ भागाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा, आणि जागा थोडी. पण सुटे तेल जास्त गेले तर कोटीपोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात. पाजताना ठसका लागून तेल फुप्फुसात उतरले तर शेळी हातची जाते. बायपास फॅट कॅल्शियमशी बांधलेले असते. ते कोटीपोटात फारसे न विरघळता पुढे चौथ्या पोटातल्या आम्लात सुटते. एवढाच त्याचा गुण, जादू काही नाही.

आता मात्रा. ३०-३५ किलोची शेळी दिवसाला एक-सव्वा किलो कोरडा आहार खाते. त्याचे शेकडा २ म्हणजे २०-२५ ग्रॅम पुरे. चव पटकन आवडत नाही, म्हणून ५ ग्रॅमपासून भरड्यात कालवून आठ-दहा दिवसांत वाढवावे. व्यायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर दोन महिने द्यावे, मग बंद. कपाशी पिकवणाऱ्याने पुडी न घेता १०० ग्रॅम अख्खी सरकी दिली तरी साधारण तेवढेच तेल पोटात जाते, तेही हळूहळू सुटणारे. दोन्ही एकदम देऊ नये आणि करडांना सरकी घालू नये. भाकड शेळीला, बोकडाला यातले काहीच नको. आधीच माजलेली गाभण शेळी तर लवकर चारा सोडते.

पैशाचे गणितही बघावे. या खुराकाने शेळीच्या दुधाचे फॅट वाढते, दूध त्या मानाने थोडे. आपल्या खेड्यांत शेळीचे दूध बहुतेक करडांच्या आणि घरच्यांच्या पोटात जाते, त्या फॅटचा भाव कोण देणार? कमाई आहे ती जगलेल्या, वजनदार करडात. म्हणून सगळ्या कळपाला वाटत बसू नये. जुळी असलेली, दुधाळ, हाडे दिसू लागलेली शेळी निवडावी. आणि शेवरी-सुबाभळीचा पाला, मूठभर पेंड, क्षारमिश्रण, स्वच्छ पाणी हे आधी. ते नसेल तर पुडीचे पैसे पाण्यात गेले समजा.

एक मागणीही आहे. शेळ्या पाळतात त्या बहुतेक भूमिहीन घरच्या बाया. पोतेभर माल त्यांना परवडत नाही, अन् २५ ग्रॅम तोलायला काटा नसतो. दुकानदारांनी शेळीच्या मात्रेची छोटी पाकिटे, सोबत मापाचा चमचा द्यावा. पशुवैद्यकीय दवाखान्यांनी गाभण शेळीची मात्रा मराठीत भिंतीवर लिहून लावावी. यात खर्च तो कितीसा? एका शेळीच्या किमतीपुढे काहीच नाही.