जोर वाढवायचा की जाण?

नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी विज्ञान शिक्षकांकडे एक मागणी केली आहे. व्हिडिओ गेमचे एक जुने रेसिंग स्टिअरिंग प्रयोगशाळेत उघडून त्याचा जोर वाढवायचा आहे. त्यासाठी एक टेबल आणि मीटर मिळावा. यावरून पालकांत दोन तट पडले आहेत. "आता शाळेत गेमही शिकवणार का?" असा काहींचा सवाल आहे, तर विश्वस्तांना जबाबदारीची काळजी आहे. दोन्ही शंका रास्त आहेत. तरीही आमचे मत असे की परवानगी द्यावी. मात्र मागणीतला एक शब्द बदलून.

आधी हे यंत्र काय ते पाहू. ज्यांनी ते हाताळले नाही त्यांनी उत्तरायण आठवावे. पतंग उंच गेला की तो दिसतो कमी आणि बोटाला कळतो जास्त. दोर ताणला, सैल पडला, थरथरला, यावरून वारा कुठे फिरला ते जाणकाराला समजते. गेमच्या स्टिअरिंगमध्ये हेच काम मोटर करते. वळणावर चाक हाताला ओढ देते, पुढच्या टायरची पकड सुटली की एकदम हलके पडते, खडबडीत रस्त्यावर थरथरते. यालाच फोर्स फीडबॅक म्हणतात.

हा जोर मोजता येतो. २०१५ साली बाजारात आलेल्या लॉजिटेक जी-२९ या स्टिअरिंगमध्ये दोन छोट्या मोटरी असून त्या दातेरी चक्रांमार्फत चाक फिरवतात. त्याचा जोर सुमारे २ न्यूटन-मीटर आहे. म्हणजे किती? २० सेंटीमीटरच्या आडव्या पट्टीच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले तर दुसऱ्या टोकाशी जेवढा पीळ पडतो, साधारण तेवढा. खऱ्या गाडीच्या मानाने हे थोडे वाटते, म्हणून मुलांना तो वाढवावासा वाटतो.

वाढवण्याची सर्वात सोपी वाटणारी युक्ती म्हणजे मोटरला जास्त प्रवाह देणे. इथेच दहावीच्या पुस्तकातला जूलचा नियम आडवा येतो. मोटरचा जोर प्रवाहाच्या प्रमाणात वाढतो, पण तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दीडपट केला तर जोर दीडपट, उष्णता मात्र सव्वादोनपट. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. मोटरच्या गुंडाळीवरचे वार्निश, तिला चालवणारे ट्रान्झिस्टर आणि चक्रांचे दाते हे सारे मूळच्या हिशेबाने बसवलेले असते. एक बाजू वाढवली की दुसरी कुठेतरी जळते किंवा झिजते.

मग कंपन्या जोर वाढवतात तो कसा? फॅनाटेकचे २०२१ सालचे सीएसएल डीडी हे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यात मधली चक्रे नाहीत. चाक थेट मोटरच्या दांड्यावर बसते. छोट्या अडॅप्टरवर ते ५ न्यूटन-मीटर जोर देते, मोठ्या अडॅप्टरवर ८. मोटर तीच. पण ती ८ सोसेल अशीच मुळात बांधलेली आहे. "मोठा अडॅप्टर लावला की झाले" असे जुन्या यंत्राबाबत म्हणता येत नाही, ते यामुळेच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नवरात्रात भोंग्याचा आवाज फाटेपर्यंत वाढवला की गरब्याचे शब्द कळेनासे होतात. स्टिअरिंगचेही तसेच आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जोर कमाल ठेवला, तर मोटर वळणावरच आपल्या मर्यादेला टेकते. मग कडेच्या उंचवट्यावर चाक आपटले तरी वेगळे काही जाणवत नाही, कारण द्यायला जोर उरलेलाच नसतो. अशा वेळी सेटिंग थोडे खाली आणले की हाताला कमी नव्हे, अधिक कळू लागते. याला पेचकस लागत नाही. म्हणून मागणीतला "जोर" हा शब्द बदलून तिथे "जाण" लिहावा, असे आम्हाला वाटते.

परवानगीला अटी हव्यातच. स्टिअरिंग स्वतःचे, जुने, वॉरंटी संपलेले आणि घरच्यांच्या संमतीने आणलेले असावे. घरगुती विजेचा अडॅप्टर कोणत्याही कारणास्तव उघडू नये. काम फक्त त्यापुढच्या कमी दाबाच्या भागात आणि शिक्षकांसमोरच व्हावे. जोडणीत फ्यूज व तत्काळ बंद करण्याचे बटण हवे. चालू चाकाच्या आऱ्यांत अंगठा अडकवू नये. जोरदार चाक अचानक फिरले तर मनगट मुरगळते. मूळ सर्किट काढून घरी बनवलेले बसवले तर संगणकावर ते चालवता येते, पण कन्सोल जोडलेल्या उपकरणाची ओळख तपासते आणि अनोळखी सर्किट बहुधा स्वीकारत नाही, हेही मुलांनी आधीच समजून घ्यावे. आणि सर्वात महत्त्वाची अट अशी, की पट्टी व वजन लावून आधीचा जोर मोजावा, मोटरचे तापमान दर पाच मिनिटांनी लिहावे, आणि वही पूर्ण झाल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये.

"बोर्डाच्या वर्षी हे कशाला?" असे विचारणाऱ्या पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे. जूलचा नियम पाठ करून दोन गुण मिळतात. तोच नियम बोटाला चटका न बसू देता वापरता आला, तर तो जन्मभर पुरतो. गेम खेळण्याचे तास कमी करायचे असतील, तर गेमचे यंत्र समजून घ्यायला लावणे हा बंदीपेक्षा बरा उपाय आहे. मोजमाप करणारा मुलगा किंवा मुलगी त्या वेळेपुरती खेळाडू राहत नाही, कारागीर होते.

आणि हे बडोद्याला नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन सुरू केले ते हाताला काम आणि कामाला शास्त्र मिळावे म्हणून. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. त्या गावातल्या मराठी शाळेत मुलांना एक टेबल मिळू नये, हे शोभणारे नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती की शनिवारी शाळा सुटल्यावर दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवावी. विद्यार्थ्यांना विनंती की त्यांनी आपली वही आमच्याकडे द्यावी. प्रयोग यशस्वी होवो वा मोटर जळो, त्यातले आकडे आम्ही पुढील अंकात छापू.