नाव ठेवणे आणि नावं ठेवणे

एखाद्याचं नाव ठेवणं आणि एखाद्याला नावं ठेवणं, यांत फरक म्हणाल तर एका अनुस्वाराचा. पहिल्याला पेढे लागतात, दुसऱ्याला नुसता चहा पुरतो. पण टोपणनावाच्या बाबतीत सगळं मोल त्या अनुस्वाराचंच आहे, हे हल्ली जुन्या जीप घेणाऱ्यांना कुणीतरी खडसावून सांगायला पाहिजे. ते काम मी पत्करतो. बँकेत ग्राहक हा राजा आणि मॅनेजर हा सम्राट. तिथे कारकुनाला खडसावायला फक्त पंखा उरतो.

सध्या साथच आली आहे. चार पैसे गाठीला लागले की माणूस पन्नास-साठ वर्षांची जीप हुडकून आणतो. जेवढ्याला घेतो त्याच्या तिप्पट दुरुस्तीवर घालतो. हा खर्च भांडवली की महसुली, हे आम्हा बी.कॉम. लोकांनाही सांगता यायचं नाही. मग तो नाव शोधायला बसतो. आणि नावं तरी काय! 'रावण', 'तुफान', 'टायगर', 'ब्लॅक कोब्रा'. गाडी चढावर धापा टाकते, बाजाराच्या दिवशी नेमकी चौकात बंद पडते, चार हमाल मागून ढकलतात, आणि ढकलता ढकलता वाचतात : 'तुफान'!

माझं म्हणणं एवढंच, की टोपणनाव हे कर्जासारखं असतं. ते ज्याला हवं असतं त्याने स्वतःच मंजूर करून घ्यायचं नसतं. चार लोक तुम्हाला पारखतात, तुमचे गुण पाहतात, त्याहून बारकाईने दोष पाहतात, आणि मग देतात. आमच्या काउंटरवर रोजचा अनुभव आहे. पासबुकावरचं भारदस्त नाव तीनदा पुकारलं तरी कुणी उठत नाही. मागून गावचा एखादा पोट्टा त्याचं 'उर्फ' ओरडला की माणूस झोपेतून ताडकन उभा राहतो. कागदावरचं नाव आईबापांनी दिलेलं असतं, उर्फ गावाने दिलेलं असतं. गाव सहसा चुकत नाही.

आता खुद्द जीपचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून ही गाडी सहा लाखांहून जास्त बनवली. सरकारी कागदावर तिचं नाव होतं, 'पाव टनी, चार गुणिले चार ट्रक'. हे नाव आहे की वाण्याचं बिल? 'जीप' हे नाव रूढ केलं शिपायांनी. कुणी म्हणतं, ते 'जी. पी.' या अक्षरांवरून आलं. कुणी म्हणतं, पॉपाय खलाशाच्या चित्रकथेत 1936 साली 'जीप' नावाचा एक अजब प्राणी अवतरला होता, त्याच्यावरून. ते काही असो, चिखलात गाडी ढकलणाऱ्यांच्या तोंडी ते बसलं, आणि विलीज कंपनीने 1950 साली तेच नाव आपल्या नावावर रजिस्टर करून घेतलं. मुंबईला महिंद्रांनी सुटे भाग आणून या गाड्या जोडायला सुरुवात केली, तेव्हा हे नाव बाहेरगावहून सामानाबरोबर आयतंच आलं. म्हणजे ज्या गाडीचं मूळ नावच मालकाने ठेवलेलं नाही, तिचं टोपणनाव ठेवायला आमचे मालक पंचांग उघडून बसतात!

आणि हे वर्धा जिल्ह्यात चालावं? बापूंच्या काळात वर्ध्याहून सेवाग्रामला जायला इंजिन काढलेली एक फोर्ड मोटार होती म्हणून सांगतात. पुढे बैल जुंपलेले. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, मागे फोर्ड होतीच, झाली 'ऑक्सफोर्ड'! एका शब्दात गाडीची जात, तिचा दोष आणि तिचं इंधन, तिन्ही आली. अशा मुलखात 'ब्लॅक कोब्रा'? आमच्या रस्त्यांवर माणसं कोंबून पळणाऱ्या जीपला लोकांनी 'काळी-पिवळी' म्हटलं, एस.टी.ला 'लाल डबा' म्हटलं. कुणी बैठक घेतली होती का?

बैठक घेतली ती माझ्या मेहुण्याने. त्याने आर्वीकडच्या एका गावातून जुनी जीप घेतली. वीस वर्षं एका वाड्यातल्या निंबाखाली उभी होती. बारशासाठी त्याने सतरा नावांची यादी केली आणि मला निवड समितीवर घेतलं. मी म्हटलं, "आधी त्या गावात विचारून तर ये, तिला काय म्हणत."

"गावातले लोक काय सांगणार, भाऊजी? नाव कसं दणदणीत पाहिजे."

पण जुनी कागदपत्रं घ्यायला तिथे जाणं भागच होतं. आम्ही तीच गाडी घेऊन गेलो. वेशीजवळ एक म्हातारी उभी होती. तिने गाडीला आधी डोळे बारीक करून पाहिलं, मग बॉनेटवर हात ठेवला.

"मायबाई, हे तं सुईन हाये ना! माहा पोट्टा इच्यातच झाला."

मग कळलं ते असं. त्या गावाला पावसाळ्यात नाला आडवा यायचा. काळ्या मातीत बंडीची चाकं निम्मी रुतायची. बाई अडली की जुने मालक रात्री-बेरात्री फोर-व्हील टाकून नाला पार करायचे आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा दवाखान्यात पोचवायचे. काही बायका पोचायच्या. काहींची पोरं गाडीच्या हिसक्यांनी वाटेतच जगात यायची. म्हणून 'सुईण'. पारावर बसलेल्यांत तिघांनी तिथल्या तिथे हात वर केले. त्यातल्या एकाच्या मिशा पाहून 'हा इच्यात झाला' हे खरं वाटेना.

परतताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, सुईण लिहून मी सिग्नलवर उभा राहू? लोक हसतील."

हसतील ना! हसायलाच पाहिजे. ज्या नावाला कुणी हसत नाही ते टोपणनावच नव्हे, ती पाटी. पण त्या हसण्याच्या पोटात काय आहे ते पाहा. 'टायगर' रंगवायला पेंटर लागतो. 'सुईण' म्हणवून घ्यायला कितीतरी पावसाळ्यांतल्या रात्री लागल्या. ते नाव पुसून त्यावर 'टायगर' लिहिणं म्हणजे कुणाच्या तरी आजीच्या गोधडीवर कंपनीचं लेबल शिवणं. मेहुण्याने गाडीचे पैसे मोजले, हे मान्य. पण विक्रीच्या कागदात इंजिन नंबर होता, चेसिस नंबर होता. त्या रात्री त्यात नव्हत्या. त्या गावाच्या खात्यावर जमा आहेत.

मेहुण्याने शेवटचं अस्त्र काढलं. "गांधीजींनी नाही का सेगावचं सेवाग्राम केलं?"

केलं. 1940 साली केलं. बापू 1936 पासून तिथे राहत होते आणि त्यांची टपाल पलीकडच्या शेगावला जात होती, म्हणून केलं. तुझ्या जीपची टपाल दुसऱ्या कुठल्या सुईणीकडे जाते का? शिवाय चार वर्षं सेवा झाली, मग नावात सेवा आली. तुझ्या टायगरने अजून एक ससासुद्धा मारलेला नाही.

तेव्हा जुनी जीप घेणाऱ्यांनो, यादी फाडा. गाडी जिथून आणली त्या गावी जा, तिथल्या म्हातारीला विचारा, आणि ती सांगेल ते निमूट रंगवून घ्या. नाव नसेलच, तर पाच वर्षं थांबा. कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं, कुणाच्या कापसाचं गाठोडं तिच्यावर पडू द्या. तिने चार लोकांना ताटकळवू द्या, चार लोकांना पोचवू द्या. लोक नावं ठेवायला लागतील. त्यातलंच एक नाव राहील. आणि पाच वर्षांत कुणी नावच ठेवलं नाही, तर समजा की गाडी अजून कुणाच्या उपयोगी पडलेली नाही.